ओले मामू

दस्तगीरमामू बोलता बोलता डोक्यावर पाणी ओतून घेत. त्यासाठी ते बोलणं थांबवत नसत. वाक्याच्या मध्यावरच डावा हात तांब्याकडे जाई, तांब्या डोक्यावर उलटा होई, पाणी कपाळावरून नाकावर, नाकावरून सदऱ्यावर आणि सदऱ्यावरून आमच्या ओसरीवर येई आणि मामू वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं नेत. नवखा माणूस दचकून मागे सरके. आम्हां भूम गावच्या बायकांना त्यात काही वाटत नसे. उलट एखाद्या दिवशी त्यांचा सदरा वाळलेला दिसला तर आई आतूनच ओरडे, "अगं, मामूंना आधी पाणी द्या, नुसत्या बघत काय बसलात!"

मामू मनियार होते. एका खांद्याला काचेच्या बांगड्यांची पेटी, दुसऱ्या खांद्याला पाण्याची सुरई, असे ते गावभर हिंडत आणि बाजाराच्या दिवशी लिंबाखाली चटई टाकून बसत. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. माझे वडील तहसिलीत कारकून होते. निजामाच्या वेळचं उर्दू दफ्तर मराठीत आणण्याचं काम त्यांच्यामागे लागलं होतं आणि रोज संध्याकाळी ते त्याबद्दल कुरकुरत. मामू त्यांना म्हणत, "रावसाहेब, ह्या तालुक्यात घाम न गाळता खाणारी दोनच माणसं हायत. एक म्या, अन् दुसरे तुम्ही." वडील हसत नसत. त्यांना विनोद कळायला दुसरा दिवस उजाडावा लागे.

घामाचं मात्र खरं होतं. मामूंना घाम येत नसे. कमी येई, उशिरा येई असं नव्हे, जन्मात कधी आलाच नव्हता. आमच्याकडचा वैशाख म्हणजे काय ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. सगळं गाव निथळत असताना मामू नुसते तापत जात. डोळे लाल होत, जीभ जड होई आणि पाणी मिळालं नाही तर असतील तिथं मटकन बसत. त्यांची कातडी पातळ आणि कोरडी, कोपरांवर भेगाळलेली. डोक्यावर केस म्हणायला होते. भुवया नव्हत्या. दात चार, दोन वर आणि दोन खाली, तेही टोकदार. आवाज कायमचा बसलेला. अंगावर गळू उठलं नाही असा महिना जात नसे. कान वाहायचा, छाती भरायची, साधा ओरखडा उठला तरी कित्येक दिवस पिकत राहायचा. आणि हा माणूस काच विकत होता! दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुई टोचता टोचता सांगितलं, "दस्तगीर, धंदा बदला." मामू म्हणाले, "डॉक्टरसाब, बाया आपनहून हात फुडं करतात अन् वर हसून बोलतात, असा दुसरा धंदा दावा. आजच बदलतो."

आपल्या दुखण्याचं वर्णन ते एखाद्या शेजाऱ्याची चहाडी करावी तसं करत. "अल्लानं माझं घर बांधलं, अन् खिडक्या ठिवायच्या इसरला. आत तापलं की तापलंच. वर चौकीदार दिला त्यो झोपाळू. येणारं-जाणारं कुणीबी आत शिरतंय, बिऱ्हाड मांडतंय, अन् ह्यो आपला घोरतोय." पुढे कित्येक वर्षांनी माझ्या डॉक्टर जावयाला मी मामूंबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं एक लांबलचक नाव घेतलं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. जन्मजात असतं म्हणाला, फार क्वचित आढळतं, घामाच्या ग्रंथीच नसतात, रोगाशी झुंजायची ताकद कमी असते, आणि आईकडून मुलग्यात उतरतं. मी म्हटलं, "हो, खिडक्या आणि चौकीदार." तो माझ्याकडे बघतच राहिला. शिकलेल्या माणसांना सगळं फोडून सांगावं लागतं.

आईकडून मुलग्यात, हे मामूंनाही ठाऊक होतं, फक्त ते दुसऱ्या टोकानं सांगत. "आमच्यात हे मामाकडनं भाच्याला येतं. माझा मामा ओला, त्याचा मामा ओला. बाया ठणठणीत. त्यांना काय होत न्हाय, त्या फकस्त पोचवतात." आईबाप लवकर गेले होते, लग्न झालं नव्हतं, होणारही नव्हतं. सख्खं असं माणूस एकच, धाकटी बहीण जैतून. सगळं गाव त्यांना मामू म्हणे, शाळेतली पोरं, म्हाताऱ्या बायका, फौजदारसुद्धा. ज्यांनी म्हणायचं ते भाचे मात्र अजून व्हायचे होते.

जैतून माझी मैत्रीण. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर बसलो, नंतर ती घरात बसली. तिचं लग्न गावातच ठरलं, दोन गल्ल्या पलीकडे, लतीफ नावाच्या एसटी ड्रायव्हरशी. आता वधूचा भाऊ म्हणजे घरचा कर्ता, तो बिनभुवयांचा कसा दिसेल, अशी काळजी मामूंच्या मित्रांना पडली. त्यांनी काजळानं मामूंना दोन झोकदार भुवया काढून दिल्या. मामू आरशात बघून खूश झाले. "आज पैल्यांदा मला राग आलेला लोकांना दिसंल," म्हणाले. मांडवात काझीसाहेब निकाह लावायला बसले, समोर मामू, भर दुपार. सवयीप्रमाणे डावा हात तांब्याकडे गेला. कुणी ओरडायच्या आत तांब्या उलटा झालेला होता. भुवया गालांवरून हनुवटीपर्यंत आल्या. काझीसाहेब थांबले. वऱ्हाडातली एक पोर भोकाड पसरून रडायला लागली. मामूंनी बाहीनं तोंड पुसलं, त्यानं काम आणखीच बिघडलं, आणि त्या चेहऱ्यानं त्यांनी बहिणीची पाठवणी केली. जैतून रडत होती की हसत होती ते बुरख्यामुळे कळलं नाही. मी शेजारी होते, मला वाटतं दोन्ही.

जैतूनची सासू हाजराखाला. उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज असा की हाक मारली तर वेशीवरची गुरं माना वळवत. तिनं स्वतः पाच बाळंतपणं काढली होती आणि गल्लीतल्या कितीतरी जणींची केली होती. मनानं चांगली होती. सुनेला तिनं कधी टोचून बोललेलं मी ऐकलं नाही. पण बाळंतिणीच्या खोलीत तिचं राज्य, तिथं निजामाचंही चाललं नसतं. त्या खोलीचा कायदा आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, एकच होता. दार बंद, दाराला गोणपाट, खाटेखाली पेटती शेगडी, सकाळ-संध्याकाळ धुरी, पोराला डोक्यापासून पायापर्यंत घट्ट गुंडाळायचं आणि वर टोपडं. पौषात तेच, वैशाखात तेच. वारं नको, पाण्याचा थेंब नको, ओल्या हातानं कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

जैतूनला पहिला मुलगा झाला तेव्हा मामू छाती भरून बार्शीच्या दवाखान्यात पडून होते. ते परत आले तेव्हा पाळणा उतरवलेला होता. नजर लागली, असं लोक म्हणाले. दुसरा मुलगा झाला तेव्हा मी बघायला गेले होते. त्या खोलीत माझी चोळी पाठीला चिकटली होती, आणि बाळ मांडीवर घेतलं तर उन्हात ठेवलेली परात. कपाळ ठणठणीत कोरडं. टोपड्याखाली हात घातला, तिथंही ओल नाही. मी खालाला म्हटलं तर ती म्हणाली, "ऊब धरलीय पोरानं. चांगलं असतंय ते." चार दिवसांत तेही गेलं. त्याला दोन्ही हातांवर घेऊन मामूच कब्रस्तानात गेले. परतताना आमच्या ओसरीवर येऊन बसले. आईनं तांब्या पुढं ठेवला. त्यांनी तो डोक्यावर घेतला, पण बोलले काही नाहीत. मामू बोलत नाहीत हे मी पहिल्यांदाच बघत होते. बऱ्याच वेळानं आईला म्हणाले, "वैनी, आमच्यातलाच होता. अंग बघितलं म्या त्याचं. थोरला बी तसलाच असंल."

तिसऱ्या खेपेला जैतूनला दिवस गेले आणि मामूंनी धसका घेतला. आपण कसे वाचलो याचा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता. ते मला म्हणाले, "कुसूम, म्या जन्मलो थंडीत. अन् आमच्या घरात शेगडीच नव्हती, माय गरीब. गरिबीनं वाचवलं बघ मला. जैतूनचं नशीब वाईट, सासर खातंपितं मिळालं." जैतूनलाही त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. पोरगी झाली तर प्रश्नच नाही. पोरगा झाला आणि त्याला घाम नसला तर शेगडी बाहेर, टोपडं बाहेर, ओलं फडकं अंगावर. जैतून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं एकदाच भावाकडे बघितलं आणि मान खाली घातली. पहिली दोघं कशानं गेली ते तिला उमगलं होतं.

आणि झाला मुलगाच, ऐन वैशाखात.

बातमी कळताच मामू बांगड्यांची पेटी आमच्याकडे टाकून धावले. डोक्यापासून पायापर्यंत ओले. दारात हाजराखाला दोन्ही हात चौकटीला लावून उभी. ती माणसं आपसांत दखनी बोलत, मी आपली मराठीतच सांगते.

"मुबारक खाला. भाच्याला बघायचंय."

"बघ की. अंग पुसून ये, कोरडा हो, मग बघ. गळक्या रांजनाला म्या आत सोडत न्हाय."

"म्या कोरडा झालो तर मरतो, खाला."

"अन् तू ओला आत आलास तर पोर मरतंय. दोघांतलं कोन मरायचं ते ठरवून ये."

मग लढाई सुरू झाली. मामू खोलीच्या मागच्या बाजूला झरोक्याखाली गल्लीत बसत आणि तिथून ओरडत. खाला आतून उत्तर देई. मी बाई असल्यानं आत-बाहेर करू शकत होते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे निरोप माझ्या गळ्यात पडत.

"खालाला म्हनावं, शेगडी काढा!"

"त्याला म्हनावं, ह्या शेगडीवर माझी पाच पोरं निघाली. तुझी किती झाली?"

"म्हनावं, तुमची पोरं खिडक्यांची होती. ह्ये बिनखिडक्यांचं हाय!"

"म्हनावं, उन्हानं डोकं फिरलंय तुझं, घरी जाऊन आडात बस!"

गल्लीतली माणसं कामधाम टाकून ऐकायला जमत. एकानं तर मामूंना बसायला घोंगडी आणून दिली. हसू येण्यासारखंच होतं ते, पण आत जैतून पोराला छातीशी धरून माझ्याकडे बघायची तेव्हा मला हसू येत नसे. तिनं सासूला दोनदा सांगून पाहिलं होतं. सासूनं प्रेमानं तिच्या केसांवरून हात फिरवला, "पैली दोन गेल्यानं भेदरलीस तू," म्हणाली आणि शेगडीत दोन कोळसे वाढवले. दोन नातवंडं गेलेली म्हातारी तिसऱ्याला जास्तच जपत होती. लतीफ गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला, त्याच्या यायचा भरवसा नाही. पोराच्या कपाळाला हात लावला तर तेच. परात.

मग पोरानं दूध सोडलं. रडणंही सोडलं. मी ते मामूंना झरोक्याखाली जाऊन सांगितलं. ते उठले आणि चालू लागले. मला वाटलं, हरले.

भर दुपारी ते पुन्हा दारात हजर झाले, तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. काळा लोकरीचा कोट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. कुणाच्या तरी लग्नातला मागून आणलेला असणार. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. सगळं कोरडं. सुरई नाही, तांब्या नाही.

"खाला, हात लावून बघा. एक थेंब न्हाय. आता येऊ?"

खालानं खरंच हात लावून बघितलं. कोट चाचपला, फेटा चाचपला. तिच्या कायद्यात आता काही कलम उरलं नव्हतं. ती बाजूला झाली.

मामू आत आले, भाच्याकडे एकदा बघितलं, खाटेखालची शेगडी ओढून समोर घेतली, तिच्यापुढं मांडी घातली आणि घोंगडी अंगावर लपेटली. "ज्ये त्याला देता त्ये मला बी द्या. दार लावा."

"काय खूळ हाय ह्ये?"

"खूळ न्हाय. मामा-भाचे हाव. संगं बसू."

मला त्यांचा बेत कळला. मी म्हटलं, "मामू, उठा. हे करू नका." ते माझ्यावर डाफरले, "कुसूम, गप बस. तुला बांगड्या हव्यात का न्हाय माझ्या हातच्या?" आणि मग गप्पा मारू लागले. बाजारातल्या, बोकडाच्या, फौजदाराच्या बायकोच्या. खाला हसायचं नाही असं ठरवून बसली होती, पण फौजदाराच्या बायकोला ती हसली. खोलीत श्वास घेववत नव्हता. खालाच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या, ती पदरानं सारखी पुशीत होती. माझं लुगडं भिजलं. जैतून निथळत होती. मामूंचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग तांबडा, मग वीटकरी. फेट्याखाली, नाकाशेजारी, ओठांवर, कुठंही एक थेंब नाही. हळूहळू त्यांचे शब्द जड झाले. बोकडाची गोष्ट त्यांनी परत पहिल्यापासून सुरू केली. मध्येच थांबले. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते.

"दस्तगीर?" खाला म्हणाली. उत्तर नाही. तिनं त्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. आपल्या ओल्या तळव्याकडे बघितलं. मग काय वाटलं कोण जाणे, तोच हात तिनं वाकून पोराच्या टोपड्याखाली घातला. पुन्हा मामूंच्या कपाळाला. पुन्हा पोराच्या. त्या खोलीत आम्ही पाच जीव होतो, तिघी भिजलेल्या आणि दोघे कोरडे. खालानं असं काही किंचाळून "या अल्ला!" म्हटलं की गल्लीत पळापळ झाली. ती धावत अंगणात गेली, रांजणातून घागर भरली आणि जिथं ओल्या हातानं कुणी यायचं नाही त्या खोलीत येऊन ती घागर तिनं मामूंच्या डोक्यावर रिकामी केली. शेगडी चर्र करून विझली. खोली वाफेनं भरली. दुसरी घागर घेऊन ती आली तेव्हा मामूंनी डोळे उघडले होते. त्यांना जीभ वळवता येत नव्हती, तरी म्हणाले, "खाला, भलत्याच मानसाला भिजवताय."

मग काय विचारता! म्हातारीनं टोपडं भिरकावलं, गुंडाळलेली फडकी सोडली, आपला पदर घागरीत बुडवून पोराचं अंग पुसायला लागली. गोणपाट ओढून काढलं, दार सताड उघडलं. जैतूननं त्याच्या टाळूवर ओलं फडकं धरलं. कितीतरी वेळ काही झालं नाही. आणि मग ते पोरगं एवढ्या जोरात रडलं की बाहेरच्या गर्दीतून कुणीतरी "शाबास!" म्हणून ओरडलं. जैतूननं त्याला छातीशी लावलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं. मी सरळ भिंतीला टेकून रडले, मला कुणाची लाज वाटली नाही.

दिवस कलला तेव्हा मामू अंगणात ओल्या घोंगडीवर आडवे पडले होते. खाला त्यांच्या उशाशी बसून तांब्यानं पाणी सोडत होती. दोघं पुन्हा भांडायच्या बेतात होते. "कोट कुनाचा हाय? भिजवून नास केलास," असं काहीतरी ती म्हणत होती. म्हणता म्हणता तिचा हात थांबला.

"दस्तगीर," ती म्हणाली. एवढा बारीक आवाज त्या बाईला असेल असं मला वाटलं नव्हतं. "मंग पैली दोघं?"

अंगणात मी होते, दाराशी पोराला घेऊन जैतून होती. मामूंनी एक क्षणसुद्धा घेतला नाही.

"न्हाय खाला, ती दोघं माझ्यासारखी नव्हती. त्यांना घाम यायचा. धाकट्याला तर म्या सोता बघितलं. कपाळावर असे थेंब हुते, मोत्यासारखे. त्यांचं दुखनं येगळंच."

खाला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. जैतूननं भिंतीकडे तोंड केलं. मी उठून उगाच रांजणावरचं झाकण नीट केलं. मामूंना त्या दिवसानंतर महिनाभर छातीचं दुखणं पुरलं.

पोराचं नाव शब्बीर ठेवलं. तो वाढला तो पाण्यातच. हाजराखालानं जो जोर शेगडीत लावला होता तो सगळा आता तांब्यात लावला. नातू पुढं धावतोय आणि म्हातारी तांब्या घेऊन मागं, हे आमच्या गल्लीचं रोजचं चित्र झालं. पाऊस पडत असतानासुद्धा ती त्याच्या डोक्यावर पाणी ओती. मामू म्हणत, "खाला, वरचा वततोय की, त्याला बी काम करू द्या." शब्बीरला दात आले तेही चारच, टोकदार. मामा-भाचे लिंबाखाली चटईवर ओले बसत आणि बांगड्या भरायला आलेल्या बायकांना एकदम दात दाखवून घाबरवत. "चौकीदार" हा शब्द ते पोर "मामू"च्या पाठोपाठ शिकलं.

मामू दर शुक्रवारी नमाजानंतर बहिणीकडे जात. खाला त्यांना चहा देई आणि इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारी, "दस्तगीर, त्या दोघांना घाम यायचा म्हनत हुतास?" मामू सांगत. दर खेपेला थोडं जास्त सांगत. थोरल्याच्या मानेवर घामोळं उठलं होतं, असं बार्शीहून आल्यावर सुईणीनं म्हणे सांगितलं होतं. धाकट्याचं टोपडं पिळलं तर पाणी निघालं असतं. मामू रंगवून सांगायला लागले की त्यांच्यापुढे कुणाची मात्रा चालत नसे. खाला पदर तोंडाशी धरून ऐके. जैतून चुलीपाशी उठून जाई. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच प्रश्न. मी एकदा मामूंना म्हटलं, "किती दिवस सांगणार?" ते म्हणाले, "तिनं इचारायचं सोडलं की म्या सांगायचं सोडीन. काय पानी वतावं लागतंय का त्याला?" आणि तांब्या डोक्यावर घेतला.

माझं लग्न होऊन मी परंड्याला गेले. चुडा मामूंनीच भरला. भरताना एक बांगडी वाढली, त्यांच्या अंगठ्यात काच गेली. मी घाबरले तर म्हणाले, "बिऱ्हाडकरू येतील दोन-चार. जातील." त्या खेपेला ते बिऱ्हाडकरू गेलेही. पण एका लगनसराईत तसंच पुन्हा झालं आणि ते गेले नाहीत. अंगठा सुजला, हात सुजला, काखेत गाठ आली. डॉक्टरांनी सुया टोचल्या. मामूंनी त्यांना म्हणे सांगितलं, "डॉक्टरसाब, तुमी एकटे किती राखन करनार? चौकीदारच फितूर हाय." थंडीचे दिवस होते. मामूंना थंडी फार आवडायची.

मला खबर मिळून मी एसटीनं पोहोचेपर्यंत माती होऊन दोन दिवस झाले होते. शब्बीर अंगणात खेळत होता. जैतून माझ्या गळ्यात पडली नाही, नुसती हात धरून बसली. हाजराखाला भिंतीशी. तिचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. त्या दिवशी शुक्रवार होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. नमाज आटोपून माणसं गल्लीतून परतत होती. खाला बराच वेळ दाराकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "कुसूम, त्यो खोटं बोलत हुता. मला ठावं हाय. म्याच हात लावून बघायची की रोज त्या लेकरांना, कोरडी हुती. पर त्यो बोलायला लागला की तेवढा येळ मला खरं वाटायचं."

मी बसल्या जागेवरून पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

जैतूननं माझा हात सोडला. उठली, सासूपाशी जाऊन तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. जिनं ती दोन्ही लेकरं नऊ-नऊ महिने पोटात वागवली होती आणि दोन्ही वेळा पाळणा आपल्या हातानं उतरवला होता, ती म्हणाली, "यायचा, अम्मा. घाम यायचा त्यांना. थोरल्याला जरा जास्तीच यायचा. म्या पदरानं पुसायची."